खात्याची गाडी वाचवली त्याची हकिकत

७ नोव्हेंबर
सकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि निर्धार केला: खात्याच्या गाडीची फालतू फेरी बंद. संचालिका ग्रोझदानाबाईंनी बजावलंय, नव्या वर्षापर्यंत रस्ते खात्याचा प्रवासखर्च उतरला नाही तर गाडी विकणार आणि ड्रायव्हर मिलोयकोला फाटकावर पहाऱ्याला बसवणार. बिचारा निवृत्तीला आलाय. पण फेऱ्या मंजूर मी करतो. म्हणजे तो वाचलाच.

८ नोव्हेंबर
एकच फेरी मंजूर केली. माझी. पूल पाहणं भागच होतं. पुलाशेजारी मुकादम विदोसाव राहतो, आणि आज त्याच्या घराण्याच्या संताचा दिवस. या सणाला आमच्यात बोलावणं नसतं. एकदा गेलात की दरवर्षी जायचं. न जाणं म्हणजे संताचा अपमान. दारात उकडलेल्या गव्हाचा चमचा, मग जेवण. पूल येताना पाहिला. उभा आहे.

१६ नोव्हेंबर
काटकसर. एकाच गाडीत चौघांना नेलं, गटाराच्या पाहणीला. मिलोयको म्हणाला, "साहेब, गटार पलीकडच्या गावात आहे. या गावात फक्त सण आहे." त्याला प्रशासन कळत नाही.

२१ नोव्हेंबर
देवदूत मिखाइलचा दिवस. तीन गावं, तीन घरं. फेरी मात्र एकच दाखवली. बचत जमू लागली.

२ डिसेंबर
संचालिकांनी बोलावलं. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर, सणांच्या लाल तारखांवर आमच्या फेऱ्यांच्या खुणा. "ओब्रादराव, तुमचे पूल सणालाच खचतात का?" मी म्हणालो, या दिवसांत जमीन ओली असते. त्यांनी कॅलेंडरवर पुढची लाल तारीख शोधली. पटलं असावं.

१९ डिसेंबर
संत निकोला, माझ्याच घरचा सण. म्हणून फेरी शून्य! दुपारी सगळं खातं खात्याच्याच गाडीतून आलं, दोन खेपांत. माझ्या घरासमोरच्या रस्त्याची पाहणी म्हणे. मंजुरीवर सही माझीच निघाली, घाईत झाली असेल. संचालिका बसने आल्या. मासा खाल्ला, अंगणातली गाडी पाहिली आणि बसनेच परत गेल्या. बायको यागोडा भांडी घासताना म्हणाली, "संत तुझा, गाडी सरकारची. आणि फाटकावर बसणार तो मिलोयको."

२० जानेवारी
संत योवान. मिलोयकोच्या घरचा सण. टेकडी ओलांडून बर्फातून चालत गेलो. बूट भिजले. फाटकावरच्या गणवेशाचा कोट त्याच्या दारामागे टांगलेला. त्याने गव्हाचा चमचा पुढे केला. "या साहेब. आज कशाची पाहणी?"
कशाचीच नाही, म्हणालो.
निर्धार अखेर तडीस गेला. आज खात्याच्या गाडीत पाऊल टाकलं नाही. ती परवाच विकली.