तू आधी जेवायला बसलीस

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोल्हारचं आपलं घर आठवलं की तू मला जेवतानाच दिसतेस. तिकडे साता समुद्रापार इंग्रजांची लढाई चालू होती, इकडे तुझ्या पोटात गोळा वाढत होता. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "अंगात रक्त नाही. आधी नीट खा, मगच ऑपरेशन करीन." घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तू घरधन्याच्या, आमच्या दादांच्या आधी ताट वाढून घेतलंस. भाकरीवर लोणी, शेजारी वाटीभर दूध. आजी दारातच थबकली. "गडी मानसं उपाशी, अन् तू गिळतीस व्हय?" तू घास चावून संपवलास. "व्हय. मरायचं असतं तर मागनं खाल्लं असतं."

बाईनं पोट फाडून घ्यायचं म्हणजे काय, असं गावभर झालं. तू ऐकत होतीस आणि घर सारवत होतीस, पीठ दळून डबे भरत होतीस, सरपण रचत होतीस. आजीला चुलीचा धूर सोसत नव्हता, म्हणून तिनं परस्पर ठरवून टाकलं, "पोरगी थापील भाकरी. शाळा काय पळून चाललीय?" त्या संध्याकाळी दादा रानातून येतात, तर तू काटवट त्यांच्यापुढे सरकवतेस. "बसा. मी दवाखान्यात असंस्तवर तुमी करायच्या." दादा हसतात. तू हसत नाहीस. "पोरीची शाळा बुडनार असंल तर मी जात न्हाई. हितंच मरते." दादा बसले, आई. पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच तुटली, आणि आजी पदर तोंडाला लावून रडली, जणू घरात कुणी गेलं होतं. तू मात्र त्यांच्या हातावर पाणी घालत म्हणालीस, "पुन्यांदा."

तू परत आलीस तेव्हा दादांच्या भाकरी जाडच होत होत्या, पण माझी शाळा एक दिवसही बुडली नव्हती. त्यानंतर तू कधीच मागून जेवली नाहीस. बायका तुला निलाजरी म्हणाल्या; म्हणोत. पुढे मी मास्तरीण झाले आणि पोरींना शाळेतून काढायला आलेल्या कितीतरी आयांना तुझी ही गोष्ट ऐकवली. वाघीण होती माझी आई, असं सांगायचे.

एवढंच एक वगळत आले. नगरच्या मोटारीची वाट बघत आपण सडकेला उभ्या होतो, तेव्हा पदराआड तू माझा हात धरला होतास आणि मोटार येऊन थांबली तरी सोडत नव्हतीस. बोटं मीच एकेक करून सोडवली. हे कुणालाच कळू दिलं नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही.