'हो'ही नाही, 'नाही'ही नाही

८ जानेवारी, सोमवार

नवं सत्र सुरू. उणे एकतीस! इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्री विजेच्या प्लगला लावायची, ते अर्विन काल विसरला, म्हणून मला बसने जावं लागलं. थांब्यावर उभी राहून मनातल्या मनात त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तीस वर्षांच्या संसारात तेवढा हक्क मिळवलाय मी.

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाची मुलं आता प्रत्यक्ष कामाला जाणार — कोणी इस्पितळात, कोणी तुरुंगात. मारिसेल आबाद मेन स्ट्रीटवरच्या बायकांच्या निवाऱ्यात. तिच्यावर देखरेख माझी. 'मॅम, भीती वाटते हो,' म्हणाली. वाटू दे. ज्यांना भीती वाटत नाही, त्यांचीच मला भीती वाटते.

१८ जानेवारी, गुरुवार

मारिसेल ऑफिसात आली. आईने केलेल्या पान्सित नूडल्सचा डबा आणला होता. डबा ठेवला, खुर्चीत बसलीही नाही.

'मॅम, मला दुसरे मार्गदर्शक मिळतील का?'

'माझं काही चुकलं का?'

'नाही, मॅम.'

'मग?'

'कारण सांगता येत नाही.'

सबंध वेळ नजर कपाटावर नाहीतर जमिनीवर. मला राग आला. चार वर्षं शिकवलं हिला! पण कारण न विचारता बदलून देणं हा नियम मीच केलेला. दिलं बदलून. पान्सित घरी आणलं, अर्विनने दोनदा घेतलं. मला घास गेला नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

आज फोनचा धडा होता. दर वर्षी घेते. मी घर सोडून गेलेल्या मुलीची आई होते, फोन करते, हातापाया पडते. समोरचा विद्यार्थी निवाऱ्याचा कर्मचारी. मी काहीही बोलले तरी त्याने एकच वाक्य म्हणायचं: 'अशी कोणी व्यक्ती इथे येते किंवा येत नाही, यातलं काहीच मला सांगता येणार नाही.' माझं रडणं कॉलेजात प्रसिद्ध आहे. पूर्वी नाटक करावं लागायचं. कार्ला गेल्यापासून लागत नाही.

वर्गाला हे माहीत नाही. कार्लाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या, आणि आमची लेक त्या गोळ्यांच्या नादी लागली. मग हाताला लागेल ते. दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. पोलिसांनी एकदा शोधून काढलं आणि आम्हाला कळवलं — मुलगी सज्ञान आहे, तुमच्याशी संपर्क नको म्हणते. बस्स. त्यानंतर काहीच नाही.

तर आज मारिसेलची पाळी. मी सुरू केलं, 'हॅलो, माझी मुलगी तुमच्याकडे आहे का हो? बाकी काही नको. जेवते ना, तेवढं सांगा.'

तिने तोंड उघडलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर! फोन टेबलावर ठेवला आणि धावत बाहेर गेली.

मागून कोणीतरी म्हणालं, 'मॅम, तुम्ही पण ना! फारच रडवता.' सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसताच लक्षात आलं. माझ्या ऑफिसातल्या कपाटावर कार्लाचा फोटो आहे. 'कारण सांगता येत नाही.' निवारा. बायकांचा.

तास कसा संपवला, देव जाणे.

२५ जानेवारी, पुन्हा

जिवंत आहे!!

२८ जानेवारी, रविवार

अर्विनला सांगायला नको होतं. पण चर्चमधून आल्यावर मला गप्प राहवेना. बोर्श्ट सूप वाढता वाढता सांगून टाकलं. त्याचा चमचा वाटीतच राहिला.

'म्हणजे त्या पोरीला माहितीये? मग विचार की तिला!'

'विचारता येत नाही, अर्विन.'

'येत नाही म्हणजे काय? पास-नापास तुझ्या हातात आहे ना?'

'होतं. आता नाही. आणि असतं तरी—'

'चुलीत घाल तुझे नियम! आपली मुलगी आहे ती. तुझ्या पुस्तकातला धडा नाही!'

ताडकन उठला, फावडं घेऊन बाहेर गेला. सकाळीच साफ केलेल्या अंगणातला बर्फ पुन्हा उपसत बसला. मला खिडकीतून दिसत होता. अधूनमधून थांबून बाहीने तोंड पुसत होता. त्याचं बरोबर आहे. माझंही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

३१ जानेवारी, बुधवार

विचारलं. मी! जिन्यापाशी गाठलं तिला, दबा धरून. लाज वाटते लिहायला.

'मारिसेल... कार्ला बरी आहे का?'

पोरीच्या तोंडावरचा रंगच उडाला. दोन्ही हातांनी दप्तर छातीशी धरलं. मग सावकाश, माझ्याच चालीत, जिथे मी थांबते तिथे थांबत, म्हणाली, 'अशी कोणी व्यक्ती तिथे येते किंवा येत नाही, यातलं काहीच मला सांगता येणार नाही.'

गालांवरून पाणी वाहत होतं. आवाज मात्र जरासुद्धा हलला नाही.

'बरोबर,' मी म्हणाले. गुण दिल्यासारखं!

'सॉरी, मॅम.'

'सॉरी म्हणायचं नसतं. सॉरी म्हटलंस की समोरच्याला "हो" कळतं.'

त्याही क्षणी चूक सुधारायला गेले. काय बाई आहे मी! नंतर बाथरूममध्ये दार लावून स्वेटरची बाही तोंडात कोंबून रडले. तिचा अभिमान वाटत होता, आणि तिला एक थोबाडीत द्यावीशीही वाटत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. एरवी ही म्हण मी दुसऱ्यांना ऐकवते.

४ फेब्रुवारी

अर्विन बोलत नाही. कॉफी मात्र दोन कप करतो.

११ फेब्रुवारी, रविवार

गायनाच्या तालमीला जाते म्हणून निघाले आणि मेन स्ट्रीटवर गेले. निवाऱ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली. आत दुपारचं जेवण चाललं होतं. काचांवर वाफ धरलेली. माणसं दिसत होती, चेहरे नाही. एक जण कार्लासारखी खांदे पाडून बसली होती असं वाटलं. पण आज मला कुठलीही मुलगी तशीच दिसली असती.

दाराच्या खिटीवर हात होता. उतरले असते, रस्ता ओलांडला असता, झालं असतं.

पण नको म्हणालीये ती. या अख्ख्या गावात हीच एक जागा असेल, जिथे तिच्या मागे कोणी येत नाही. मी आत पाय टाकला तर ती ही जागाही सोडेल. आणि या थंडीत जाईल कुठे? वर्गात दर वर्षी हेच समजावते — माणसाला न सापडण्याचाही हक्क असतो. वर्गात किती सोपं वाटतं!

परत फिरले. सिग्नल हिरवा झालेला दिसलाच नाही, मागचा भोंगा वाजवत राहिला. घरी आल्यावर अर्विनने तालमीचं काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ब्लँकेट आणून पायांवर टाकलं. आज पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र रडलो.

माझी छकुली. लहानपणी हातमोजे हरवायची सारखी. आज हातमोजे असतील का?

१ मार्च

आज तिचा वाढदिवस. सत्तावीस.

१२ एप्रिल, शुक्रवार

निकाल लागले. मारिसेल उत्तम गुणांनी पास! विभागाच्या बैठकीत फोनच्या धड्याचं कौतुक झालं. मी आभार मानले. तोंडात माती गेल्यासारखं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी समाधानही होतं. तिने केलं ते बरोबर, मी परत फिरले तेही बरोबर. निदान माझ्या लेकीचा शब्द आम्ही दोघींनी राखला. याच एका गोष्टीच्या आधारावर हे तीन महिने काढलेत मी.

१६ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी मारिसेल घरी आली. बूटही काढले नाहीत, दारातच उभी राहिली. म्हणाली, 'मॅम, आता सांगायची परवानगी आहे. कार्ला काल हे शहर सोडून गेली. कुठे, ते सांगायचं नाही. फक्त तिचा निरोप सांगायचा, जसाच्या तसा.'

तो असा —

'मॉम, ही तुझी विद्यार्थिनी आहे हे मला ठाऊक होतं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, आईला कळवू का? मी नको म्हणाले. मला वाटलं, तरी सांगेल. मग रोज जेवताना मी दाराकडे तोंड करून बसायचे.'