चौदा नंबरवरची एक रेघ

सेंत-ओदिल,
सोमवार, ९ मार्च १९८७

चि. ओव्हिला यास ओर्तांसताईचे आशीर्वाद. थोरली बहीण म्हणून ते देणं भाग आहे. त्यात गोडवा शोधू नकोस.

काल, रविवार दिनांक ८ मार्च रोजी दुपारी चार वाजून नऊ मिनिटांनी, तू आपल्या सख्ख्या भाच्याचा पाचशेवा गुण काढून घेतलास. वेळ मी माझ्या घड्याळात पाहिली. एकतीस वर्षं या गावचं पोस्ट चालवल्याबद्दल मिळालेलं ते घड्याळ आहे, ते चुकत नाही.

त्याआधी, तीन वाजून बावन्न मिनिटांनी, ग्रेनिएने गोल केला आणि लाउडस्पीकरवर सगळ्या रिंकने ऐकलं की चकती त्याला चौदा नंबरने, म्हणजे आपल्या रोझेरने दिली. आइस हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण आणि पास देणाऱ्याला एक, हे मला दात पडायच्या वयापासून ठाऊक आहे. चारशे नव्व्याण्णवाचे पाचशे झाले. लोक उभे राहिले. मी माझी जांभळी टोपी बर्फावर फेकली. आणि सतरा मिनिटांनी तोच लाउडस्पीकर म्हणतो की दुरुस्ती आहे, पास बावीस नंबर बूदरोचा. टोपी तोवर गेलेली होती.

त्या काचेच्या खोक्यात बसून गुण लिहिणारा माणूस तू. सव्वीस वर्षं लिहितो आहेस. पाचशे गुण करणाऱ्याचीच जर्सी आपला क्लब छताखाली टांगतो आणि पुढच्या रविवारी रोझेर शेवटचा खेळणार आहे, हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. पस्तिसाव्या वर्षी त्याचा गुडघा पायऱ्या उतरताना माझ्यापेक्षा जास्त वाजतो. आता एका सामन्यात काय होणार?

एवढंच सांग की ते तू रबराने पुसलंस का. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मारी-दे-झांज आम्हाला रबर वापरू देत नसत. चुकलं तर वरून एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे चूकही दिसते आणि चुकणाराही. तुम्हा मुलांच्या शाळेत काय शिकवत होते देव जाणे.

लेखी उत्तर येईपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. चर्चमध्ये बाक तोच राहील, पण मधे माझी पिशवी असेल.

बाकी लोभ पूर्वीइतकाच आहे, तूर्त कुलपात ठेवला आहे.

तुझी ताई,
ओर्तांस ब्रासार


सेंत-ओदिल,
मंगळवार, १० मार्च

ती. ताईच्या सेवेशी ओव्हिलाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन विचारत होता की तुमच्या दोन घरांमध्ये एक बेकरी आणि एक चर्च, मग तिकीट कशाला. मी म्हटलं, ताई निवृत्त झाली तरी खात्याची काळजी तिला आहेच.

आधी टोपीचं. तीन गोल एकाच खेळाडूने केले तर टोप्या फेकतात, ताई, पाचशे गुणांना नाही. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र ओनेझीम चालवतो, त्याला ती दिसली नाही. त्याने यंत्राच्या पोटातून काढून माझ्याकडे दिली आहे. माझ्या रेडिएटरवर वाळते आहे. आकार आता पॅनकेकसारखा झाला आहे. रंग मात्र टिकला, माल चांगला होता.

आता गुणाचं. मी चौदा खोडलं आणि बावीस लिहिलं. माझ्या हाताने. बरोबर केलं. का केलं ते मी तुला सांगणार नाही, कारण ते सांगायचं काम माझं नाही. तू कितीही पिशव्या मधे ठेवल्यास तरी माझ्याकडून ते निघणार नाही.

आणि रबर माझ्या खोक्यात नाहीच. मला लिहायला कुणी शिकवलं ते आठव. संध्याकाळी स्वयंपाकघरात लाकडी पट्टी घेऊन कोण बसत असे?

मेपलचा पहिला पाक निघाला आहे. एक डबा तुझ्या दाराशी ठेवला आहे, तो बोलत नाही, तेव्हा घ्यायला हरकत नसावी.

रागाच्या वरही थोडी माया शिल्लक असेल ती इकडे वळवावी.

तुझा धाकटा,
ओव्हिला


सेंत-ओदिल,
मंगळवार, १० मार्च, सायंकाळ

चि. रोझेर यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू टेलिफोन कर म्हणशील. टेलिफोनवर माणूस हो म्हणतो आणि विसरतो. तू राहतोस वीस मैलांवर, पत्र उद्या मिळेल.

सोबत लीगच्या कचेरीला पाठवायची तक्रार जोडली आहे. मी शुद्ध लिहून काढली आहे, तू खाली सही कर. तुझ्या मामाला विचारलं तर तो गूढ बोलतो, जणू पोपचा दूत आहे.

तू म्हणशील की मावशी, एका गुणाने काय होतं. मी सांगते. तुझी आई, माझी ब्लांश, गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. करवतीच्या गिरणीमागे नदी गोठली की तू शाळेच्या आधी तिथे असायचास आणि मी तुला कॉलर धरून ओढून आणायचे. पंधराव्या वर्षी तू ज्युनियर संघात गेलास आणि परक्या बाईच्या घरी राहिलास. तिला मी पत्र लिहून कळवलं होतं की याला वाटाण्याचं सूप घट्ट लागतं. तिने पातळच दिलं. नंतर सहा दात गेले, नाक तीनदा मोडलं, दोन हिवाळे ऑस्ट्रियात काढलेस, तिथून मला एक घंटा आणलीस. मग नऊ वर्षं इथे, आपल्या गावच्या संघात. आणि एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली अकरा दिवस मोठ्या लीगमध्ये. तीन सामने, एक पास, एक गुण. त्याचा वर्तमानपत्रातून कापलेला तुकडा माझ्या दिवाणखान्यात टेलिफोनच्या वर चौकटीत आहे. घरी येणाऱ्याला मी कोट काढायच्या आधी तो दाखवते.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. रिंकमध्ये माझी जागा ठरलेली आहे आणि तिथून छत सरळ दिसतं. त्यावर चौदा नंबर पाहायचा आहे, मान वर होते आहे तोवर. एवढंच मागणं आहे. सही करून ताबडतोब पाठव.

तुझ्या बायकोला, युगेतला आशीर्वाद. तिला विचार, मी केलेले लोकरी मोजे घालतोस का. ती खोटं बोलत नाही.

माया आहे, ती सहीवर अवलंबून नाही, पण सही कर.

मावशी


गुरुवार, १२ मार्च

ती. मावशीस रोझेरचा शि. सा. न.

तक्रारीवर सही केलेली नाही. कागद परत जोडला आहे. अक्षर इतकं सुंदर आहे की फाडवला नाही.

मामावर रागावू नकोस. ते मीच केलं. ग्रेनिएचा गोल झाला तेव्हा मी काठी पुढे केली होती, पण चकती तिच्या खालून गेली. ती बूदरोच्या काठीला लागून ग्रेनिएकडे गेली. लाउडस्पीकरवर माझं नाव आलं, लोक उभे राहिले, तुझी टोपी आली. मी बाकावर जाऊन बसलो. पुढचा खेळ थांबला तेव्हा मी घसरत मामाच्या काचेपाशी गेलो आणि भोकातून सांगितलं की मामा, मी शिवलोच नाही. त्याने विचारलं, नक्की का. मी म्हटलं, नक्की. त्याने बूदरोला बोलावून विचारलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की तुझी मावशी मला जिवंत सोडणार नाही. मी त्याला विनंती केली की तिला मी सांगेन. मग सांगायला घाबरलो. आठ तगडे बचावपटू अंगावर आले तरी इतकं वाटत नाही.

आता खरं अवघड. तू विचारशील, एवढा साधुपणा कशाला, संत व्हायचं आहे का. तर तुझ्या चौकटीतला तुकडा. चौऱ्याहत्तर सालचा.

तो पासही माझा नव्हता, मावशी. मी बाकावरून उतरत होतो, एक पाय बर्फावर आणि एक दारात. चकती माझ्या शेजारून गेली, दिली होती हॅव्हर्टी नावाच्या जुन्या खेळाडूने. लाउडस्पीकरने माझं नाव घेतलं. मी हॅव्हर्टीकडे पाहिलं. त्याच्या नावावर असे शेकडो होते. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, डोळा मारला आणि निघून गेला. मला बोलायला वेळ होता. मी बोललो नाही. मोठ्या लीगच्या पुस्तकात माझ्या नावापुढे तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती माझी नाही.

तेरा वर्षं तुझ्याकडे जेवायला येताना मी टेलिफोनकडे पाठ करून कोट काढतो. तुला वाटायचं लाजतो.

म्हणून रविवारी तसं पुन्हा होऊ दिलं नाही. छताखाली टांगलेल्या जर्सीकडे वर पाहायचं मी रोज टाळलं असतं. येत्या रविवारी एक गुण मिळाला तर मिळाला. नाही मिळाला तर चारशे नव्व्याण्णव तरी माझे आहेत, एकेक मोजून.

मोजे घालतो. उजव्याला भोक पडलं आहे.

माझ्यावर पूर्वीसारखी माया राहील का, हे विचारायला हे पत्र आहे.

तुझा,
रोझेर


शुक्रवार, १३ मार्च

चि. रोझेर यास आशीर्वाद.

तेरा वर्षं मी ती काच दर शनिवारी व्हिनेगरने पुसते आहे. पाद्रीसाहेबांना दाखवली. गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दाखवली, तो इंग्लिश होता आणि त्याला फ्रेंचचं एक अक्षर कळलं नाही, तरी दाखवली. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर माझं बरंच व्हिनेगर वाचलं असतं.

आज सकाळी तुझं पत्र आलं, ते दोनदा वाचलं. मग चौकट उतरवली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे.

तुझी आई असती तर रडली असती. मी तशी नाही. मी भांडी घासली.

रविवारी दीड वाजता माझ्या जागेवर असेन, दुसऱ्या टोपीत. सरळ खेळ. मोज्याला भोक पडलेलं सांगायला मार्च उजाडावा लागतो का? दोन्ही पाठव.

विचारलं आहेस म्हणून लिहिते: राहील.

मावशी


सेंत-ओदिल,
मंगळवार, १७ मार्च

ती. ताईस ओव्हिलाचा सा. न. वि. वि.

तू अजून बोलत नाहीस, म्हणून मीही तिकीट लावलं आहे. रविवारी शेवटच्या मिनिटाला तू डोळे मिटून जपमाळ ओढत होतीस, मी काचेतून पाहिलं. तेव्हा काय झालं ते कुणी तुला नीट सांगितलं नसेल.

चाळीस सेकंद राहिले होते. रोझेरने डावीकडून मारली, गोलरक्षक पडला होता, आणि चकती खांबावर आदळली. तो आवाज तू ऐकलास. त्याआधी एकदा तसंच झालं होतं. दोन बोटं आत असती तर दोन गुण झाले असते. सामना संपल्यावर क्लबचे अध्यक्ष माझ्या खोक्यात आले आणि म्हणाले, ओव्हिला, जुन्या कागदांत कुठे एखादा गुण सापडतो का बघ. मी म्हटलं, ती काय विसरलेली छत्री आहे? ते म्हणाले, मग नियम तो नियम, जर्सी त्याने घरी न्यावी.

ती त्याने तुझ्याकडे धुवायला टाकली हे मला काल सकाळी कळलं, आणि माझ्याबरोबर सगळ्या गावाला. ताई, तुझ्या अंगणातला कपड्यांचा खांब तीस फूट उंच आहे आणि रिंकच्या दारासमोर आहे. उणे बारा तापमान होतं. जर्सी दोरीवर लाकडासारखी कडक झाली होती, दोन्ही हात पसरलेले, चौदा नंबर रिंककडे. शेजारी एक टॉवेलसुद्धा नाही. गिरणीची पाळी सुटली तेव्हा माणसं खाली थांबली. ओनेझीमने टोपी काढली, मग बाकीच्यांनी. बूदरो बराच वेळ उभा होता.

अध्यक्षांनी मला विचारलं की बहिणीला समजावता येईल का. मी सांगितलं की गेल्या आठवड्यापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि त्याआधीची पासष्ट वर्षं बोलत होती तेव्हाही तिने माझं ऐकलेलं नाही.

तुझ्या दोरीवर माझ्याही शर्टाला कधी जागा मिळावी, इतका लोभ असू दे.

ओव्हिला


सेंत-ओदिल,
बुधवार, १८ मार्च १९८७

चि. ओव्हिला यास ताईचे आशीर्वाद. या खेपेस पूर्ण.

अध्यक्ष काल स्वतः आले होते. दारातच विचारलं की हे किती दिवस चालणार. मी सांगितलं की धुतलेला कपडा वाळेपर्यंत दोरीवर राहतो, आणि या हवेत लोकर जूनपर्यंत वाळत नाही. तुम्हाला लवकर हवी असेल तर तुमच्या छताखाली उबदार आहे, तिथे वाळवा. ते म्हणाले, पाचशेचा नियम आहे. मी विचारलं की छताखाली ज्या तीन जर्सी आहेत त्यांच्यापैकी कुणी आपला गुण काचेच्या भोकातून परत केला होता का. सभेत मांडतो म्हणाले. मांडू देत. मला घाई नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती छान दिसते, मान वर करावी लागत नाही.

रोझेर काल जेवायला आला. दिवाणखान्यात, टेलिफोनकडे तोंड करून त्याने कोट काढला, सावकाश. भिंतीवर नुसता डाग होता. त्याने विचारलं, इथे आता काय लावणार. मी म्हटलं, बघू. तीन वाट्या सूप प्याला.

आता मुद्दा. ८ मार्चच्या सामन्याचा जो गुणांचा कागद तू भरलास, त्याची तुझ्याकडे राहते ती प्रत मला हवी आहे. ज्यावर चौदा लिहिलेलं आहे, त्यावरून एकच सरळ रेघ मारलेली आहे, वर बावीस आहे आणि बाजूला तुझी सही आहे. चौकट तयार आहे, काच पुसलेली आहे, खिळा तोच चालेल. येणाऱ्याला मी कोट काढायच्या आधी दाखवणार आहे.

रेघ वाकडी असेल तरी चालेल. तुला शिकवणारीचा दोष धरीन.

याचं लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक २० मार्च, दुपारी बाराच्या आत मिळालं पाहिजे. तिकीट लावू नकोस. कागद आणि टोपी घेऊन स्वतः ये. सूप बारा वाजता वाढते.

तुझी ताई,
ओर्तांस