आमच्या घराचा श्वास

१८ नोव्हेंबर, नेपरव्हिल, अमेरिका
सकाळपासून बर्फ. हीटर अखंड चालू, तरी वसंतचे हात गार. दोन ब्लँकेट्स, वर माझी शाल. स्ट्रोकनंतर खाली हलवलेला हा बेड नेमका उत्तरेच्या भिंतीला आलाय.
लायब्ररीतल्या बाईंनी फॉर्म दिला. सरकारी योजना आहे, कमी उत्पन्नवाल्यांच्या घरातल्या गार वारा येणाऱ्या फटी बुजवून देतात, फुकट. नेहाला फोन केला. म्हणाली, "आई, बाबांना थंडी वाजतेय ना, जस्ट अप्लाय." तिला सोपं आहे. मराठी मंडळात कळलं तर...

२५ नोव्हेंबर
योजनेच्या ऑफिसात गेले. गाडी मुद्दाम मागच्या गल्लीत लावली. गॅसचं बिल, पेन्शनचं पत्र, घराचे कागद. तिथल्या बाईंनी सगळं नीट पाहिलं, घरी आजारी माणूस आहे म्हणून अर्ज यादीत वर घातला. सही करून निघाले.
वसंतला सांगितलं नाही.

१३ जानेवारी
फोन आला. गुरुवारी घर तपासायला येणार. आता सांगणं भाग होतं. ऐकून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. एकच शब्द. "भीक."
रात्री जेवला अर्धंच.

१६ जानेवारी
काय पाहिलं आज! नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे.
वॉल्टर नावाचे गृहस्थ आले, साठीचे, गुडघे धरून जिने चढणारे. पुढच्या दारात लाल कापड ताणून बसवलं, त्यात भला मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, मग जिथे फट असेल तिथून बाहेरची आत घुसते. सुरू केला आणि अख्ख्या घराने श्वास ओढला. पडदे आत फुगले. प्लगच्या भोकांतून, खिडक्यांच्या चौकटीतून, कपाटामागून गार वारा. त्यांनी धुराची कांडी धरली तर धूर रेघ होऊन खोलीत वळला. मग गार-गरम रंगांत दाखवणारा कॅमेरा. त्यात आमची उत्तरेची भिंत, वरचा अर्धा भाग गडद जांभळा, म्हणजे गार. थंडी अडवायला आत भरलेलं इन्सुलेशन खचून खाली बसलंय. तीस वर्षं ह्या भिंतीला फोटो टांगतेय, आणि ती आतून रिकामी.
मी तोंडावर हात ठेवून उभी. मागून आवाज आला, जड, पण स्पष्ट. "हाउ मेनी पास्कल्स?"
वसंत. कोपरावर उठून बसलेला, हवेचा दाब विचारत.
वॉल्टर चमकले, मग अदबीने म्हणाले, "फिफ्टी, सर."
जन्मभर कारखान्यांचे ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारे मोठाले पंखे, डिझाइन केलेला माणूस. कॅमेरा त्यांनी सरळ त्याच्या हातात दिला. डाव्या हाताने धरून तो एकेक कोपरा बघत राहिला. मला म्हणाला, "सुधा, बघ. हवा दिसते." डोळे लहान मुलासारखे.

१७ जानेवारी
वसंतने पाकिटाच्या पाठीवर घर काढलंय. रेघा वाकड्या, हवेचे बाण बरोबर. मला समजावलं, शब्द शोधत शोधत. कळलं अर्धंच. विचारत राहिले.

४ फेब्रुवारी
ऑफिसचा फोन. माळ्यावर छत गळतंय, ते आधी दुरुस्त झाल्याशिवाय फटींचं काम हाती घेता येत नाही. छताचं काम दुसऱ्या कुठल्या योजनेत बसेल का, बघतील. नक्की नाही. मी "थँक यू" म्हणून ठेवून दिला. डोळे भरले.
वसंतने ऐकलं होतं. हात पुढे केला. "लाव परत. मी बोलतो."
वर्षभरात त्याने फोनला हात लावलेला नाही. लावून दिला. स्पीकरवर होल्डचं संगीत चाललंय, वीस मिनिटं होत आली. पाकीट मांडीवर घेऊन ताठ बसलाय. मी शेजारी बसून हे लिहितेय, आणि आत्ता पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्ह...