डावीकडे विषम, उजवीकडे सम

४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. कारण एकच, पुरावा. आमच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या लहरी नोंदवायच्या खोलीत काहीतरी शिजतंय. एक्स-रे विभागातल्या बाई आमच्याकडे बदलून आल्यात. ऑर्डरमध्ये लिहिलंय, 'शिकण्यासाठी'. पंचेचाळिशीत कोण शिकायला येतं? हेड टेक्निशियनची जागा एप्रिलमध्ये भरायची आहे. त्या जागेवर बावीस वर्षांच्या नोकरीचा हक्क माझा.

दुपारी
शिकवलं बाईंना. आपण मन मोठं ठेवायचं. पाच नियम सांगितले. एक, इलेक्ट्रोड मनाला येईल तिथे डकवायचे नाहीत. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायचा आणि त्याचे दहा टक्के, वीस टक्के मोजून खुणा करायच्या. दोन, अक्षर म्हणजे जागा : एफ पुढे, सी मध्ये, टी कानाजवळ, ओ मागे. तीन, डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम, मधोमध झेड. चार, जेल नीट भरायचं, नाहीतर मेंदूऐवजी पंख्याच्या लहरी येतात. पाचवा आत्ता आठवत नाही. महत्त्वाचा नसणार.

बाईंनी सगळं एका निळ्या वहीत उतरवलं. वही पर्समध्ये ठेवतात. टेबलावर का नाही ठेवत?

५ फेब्रुवारी
आज डोळे उघडले. पेशंटच्या डोक्यामागे उभं राहिलं की माझी पाठ दाराकडे. बाईंचं टेबल दाराशी. म्हणजे बावीस वर्षं मी जगाकडे पाठ करून उभा! किती भोळा मी.
निश्चय : यापुढे पेशंटच्या समोर उभं राहायचं. हात डोक्यावर, नजर दारावर. एवढ्या वर्षांनी हात आपोआप चालतात, डोकं लागत नाही.

६ फेब्रुवारी
नवी पद्धत उत्तम. बाई तीनदा बाहेर गेल्या, एकदा डॉक्टरांच्या केबिनमध्ये. वेळ : चार मिनिटं.
परत आल्यावर म्हणाल्या, सर, एक विचारू का. मी म्हटलं, आधी जेलच्या सिरिंजा भरा. बोलण्यात गुंतवून माणसाचं लक्ष उडवायची युक्ती मला चांगली ठाऊक आहे.

११ फेब्रुवारी
एक शिंपी आला. उजवा हात अचानक झटके खातो, कात्री गळून पडते. गोळ्यांनी फरक नाही. डॉक्टर ऑपरेशनचा विचार करताहेत, आमच्या रेकॉर्डिंगवर सगळं अवलंबून. शिंप्याची बायको बाहेर बाकावर बसून होती, हातात त्याचीच कात्री, रुमालात गुंडाळलेली. घरी ठेवली की हा मशीनवर बसतो म्हणे.
मी टेप लावला तर शिंपी हसला. म्हणाला, आम्हीही समोरून माप घेताना कधीकधी गडबडतो. मी म्हटलं, हलू नका.
बाई पुन्हा वहीत काहीतरी लिहीत होत्या.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरांनी बोलावलं. झटके उजव्या हाताला, म्हणजे बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला हवा. आमच्या रेकॉर्डमध्ये तो उजवीकडे. कसं काय?
कसं काय ते मला लगेच कळलं. वायरी! इलेक्ट्रोडच्या वायरी ज्या डबीत खोचतो, तिथे कुणीतरी सम-विषमची अदलाबदल करतंय. माझ्यावर ठपका यावा म्हणून. नाव लिहीत नाही. एक्स-रे.

१४ फेब्रुवारी
बायकोचं नेलपॉलिश आणलं. डाव्या वायरींना लाल ठिपका, उजव्यांना गुलाबी. आता बघतोच.

संध्याकाळी
बायकोने विचारलं, नेलपॉलिश कुणासाठी नेलं. वायरींसाठी, म्हटलं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. घरातही विश्वास उरला नाही.

१७ फेब्रुवारी
शिंप्याचं दुसरं रेकॉर्डिंग. ठिपके जागच्या जागी, डबीला कुलूप, किल्ली माझ्या मोज्यात. तरीही बिघाड उजवीकडेच!
म्हणजे मशीन बरोबर, मी बरोबर. शिंप्यालाच उजवा-डावा कळत नसेल. डॉक्टरांना तसं सुचवलं.
बाई पुन्हा म्हणाल्या, सर, दोन मिनिटं बोलायचं होतं. सिरिंजा भरायला पाठवलं. सगळ्या भरलेल्याच होत्या म्हणे.

२० फेब्रुवारी
सोमवारी तिसरं आणि शेवटचं रेकॉर्डिंग. या वेळीही हाताशी जुळलं नाही तर ऑपरेशन रद्द, शिंपी पुन्हा गोळ्यांवर. त्याच्या बायकोने मला गाठून विचारलं, साहेब, जुळेल ना? मी म्हटलं, चोर सापडला की जुळेल. बिचारी गोंधळली.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १२
सापळा. मी स्वतःच खुर्चीत बसलो. बाईंना म्हटलं, माझ्या डोक्यावर सगळे इलेक्ट्रोड लावून दाखवा. मुद्देमालासकट पकडायचं होतं.
बाईंनी टेप घेतला आणि दिसेनाशा झाल्या. माझ्यामागे. मी विचारलं, समोर या ना, मागे काय लपताय?

"सर, तुम्हीच सांगितलंत ना. पाचवा नियम. पेशंटच्या मागे उभं राहायचं, म्हणजे आपला डावा तोच त्याचा डावा."

सतरा इलेक्ट्रोड लागेपर्यंत मी मनात तारखा मोजल्या. मग म्हटलं, बाई, मी ५ तारखेपासून समोर उभा राहतोय.
त्या म्हणाल्या, हो सर.

२३ फेब्रुवारी, सोमवार
शिंप्याचं तिसरं रेकॉर्डिंग. मागे उभा राहिलो. बिघाड डावीकडे, सी-थ्रीच्या आसपास. हाताशी जुळलं. ऑपरेशन पुढच्या बुधवारी. त्याच्या बायकोने माझे आभार मानले, तेव्हा जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना सगळं सांगायला गेलो. त्यांनी आधीचे दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले. दोन्हींच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, बाईंच्या अक्षरात : 'बाजू पुन्हा पाहावी. सर समोर उभे होते.' निळी वहीही तिथेच टेबलावर; तिच्यात ५ तारखेपासूनच्या अकरा पेशंटांची यादी, पुन्हा बोलावण्यासाठी. एक्स-रेमध्ये प्रत्येक फिल्मवर डावी की उजवी ते लिहावंच लागतं, बाईंना सवय आहे. पेन्सिलीच्या त्या ओळींमुळेच डॉक्टर तिसऱ्यांदा करू म्हणाले होते. एप्रिलच्या जागेचं नंतर बघू, असंही म्हणाले. समजायचं ते समजलो.

दुपारी ३
यादीतली पहिली पेशंट आली. टेप घेतला. डोक्यामागे जाऊन उभा राहिलो. पाठ दाराकडे.
मागे बाई काहीतरी लिहीत होत्या, पेन्सिलीचा आवाज येत होता. वळून पाहिलं नाही.