लाल टपालहोडी आणि ते तिघं

१ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.१०
आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची मार्चमध्ये सुटली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं. 'लाल टपालहोडी' येतेय! चाळीस वर्षांपूर्वीची टीव्हीवरची कार्टून मालिका, त्रेचाळीस भाग, आजवर एकदाही डिस्कवर आली नाही. आता ब्लू-रे बॉक्स, म्हणजे सगळे भाग स्वच्छ करून डिस्कवर.

अट एकच. तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत दोन हजार बॉक्सची ऑर्डर यायला हवी. एक जरी कमी पडला तरी बॉक्स निघणार नाही. मूळ फिल्मला आंबूस वास सुटलाय, म्हणजे ती सडायला लागलीय, त्यामुळे दुसऱ्यांदा हा घाट घालणार नाही असं कंपनीनं स्पष्ट लिहिलंय. आकडा त्यांच्या पानावर दिसत राहणार.

सातला नोंदणी सुरू झाली, सात वाजून चार मिनिटांनी माझे तीन बॉक्स नोंदवून मोकळा. नेहमीप्रमाणे एक पाहायला, एक न फोडता ठेवायला, एक लोकांना दाखवून भक्त वाढवायला. 'कावासेमी' दुकानाकडून घेतले, कारण ते भिंतीवर लावायचं कापडी चित्र फुकट देतात. बॉक्स सगळीकडे सारखाच असतो. वरची भेट दुकानागणिक वेगळी. खरा संग्राहक इथे ओळखू येतो.

मित्सुएनं विचारलं, ठेवणार कुठे. म्हणालो, कपाटात. म्हणाली, मग गाद्या कुठे? (मार्चपासून गाद्या जेवणाच्या खुर्च्यांवर आहेत.) बायकोला दूरदृष्टी नाही.

४ नोव्हेंबर, रविवार
ओगिकुबो स्टेशनजवळच्या कॉफीहाउसात आमच्या 'लाल टपालहोडी' चाहते मंडळाची बैठक. सगळे चार सभासद हजर. मी, म्हणजे अध्यक्ष. ओरिहाराबाई, वाचनालयात असतात, मोजकं बोलतात. त्सुकुदा, लाँड्रीवाला. आणि निशिवाकीबाई.

निशिवाकीबाई एक्याऐंशीच्या आहेत. 'लाल टपालहोडी'ची चित्रं रंगवणाऱ्या बायकांमध्ये त्या होत्या. होडीचा लाल त्यांनी स्वतः कालवलेला. दुसऱ्या भागानंतर कारखान्याचा रंग संपला, नवा आला तो वेगळा निघाला, तेव्हापासून शेवटपर्यंत बाई नजरेच्या अंदाजानं कालवत राहिल्या. आणि टीव्हीवर होडी दिसली विटकरी. जुन्या टेपांवरही विटकरीच. बाईंनी स्वतःचा लाल स्टुडिओबाहेर कधी पाहिलेलाच नाही. आता डोळे चाललेत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसेल असं डॉक्टर म्हणतात, आणि हल्ली ते फार अदबीनं बोलतात, त्यावरूनच मी काय ते समजले, असं बाई म्हणाल्या.

म्हणजे मूळ फिल्मवरून काढलेला हा बॉक्स ठरल्याप्रमाणे एप्रिलमध्ये आला तर त्यांना तो लाल दिसेल. नाहीतर कधीच नाही. मी उभा राहून जाहीर केलं की शंभर ऑर्डरी मी एकटा आणीन.

त्सुकुदा एकच बॉक्स घेतो. घरी नेतो, प्लॅस्टिक टराटरा फाडतो, वरची कागदी पट्टी कचऱ्यात टाकतो आणि बघत बसतो. अशा माणसाकडून मी काही अपेक्षा ठेवत नाही.

आकडा : ६१२.

७ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२.४०
'तोबिउओ' दुकानानं आपली भेट जाहीर केली : सगळ्या डिस्क एकत्र ठेवायची पेटी. कापडी चित्र काय, दोन वर्षांत उन्हानं उडतं. १२.३२ ला 'कावासेमी'कडच्या तिन्ही काढल्या. याला ऑर्डर रद्द करणं म्हणत नाहीत, ही बदली आहे. आमच्या पाणीपुरवठा खात्यात रोज होते. पेटीचं माप जाहीर झालं की 'तोबिउओ'कडे नोंदवणार.

पण भयंकर प्रकार! साडेबाराला आकडा ८०५ होता. १२.३५ ला पाहतो तर ८०२. एका झटक्यात तीन गेल्या. कोण आहेत हे तिघं? एका म्हातारीचा जीव टांगणीला आणि यांचा पोरखेळ चाललाय.

संकल्प : या तिघांची नावं शोधून मंडळाच्या नोंदवहीत लाल शाईनं लिहायची.

११ नोव्हेंबर, रविवार
पेटीचं माप आलं, आमच्या कपाटात बसतं. काल तीन नोंदवल्या. छातीवरचं ओझं उतरलं.

बैठक. त्सुकुदानं सार्वजनिक न्हाणीघरात बसून चौदा ऑर्डरी मिळवल्या. गरम पाण्यात माणूस कशालाही हो म्हणतो, त्यात कर्तबगारी कसली? माझं काम पायाभूत स्वरूपाचं आहे. पत्रकाचा सातवा मसुदा झाला. ऑफिसात हामागुचीला विचारलं, तो विचार करून सांगतो म्हणाला. म्हणजे एक धरायला हरकत नाही.

त्या तिघांबद्दल सगळ्यांना सांगितलं. ओरिहाराबाई म्हणाल्या, असतात असे लोक, भेटींसाठी इकडून तिकडे उड्या मारतात. मी म्हणालो, अशांमुळेच लोक आपल्या छंदाला नावं ठेवतात.

आकडा : १,०४८.

१५ नोव्हेंबर, गुरुवार
'तोबिउओ'च्या पेटीचा जवळून काढलेला फोटो आला. पुठ्ठा! वर चकचकीत कागद. चाळीस वर्षं थांबून पुठ्ठा घ्यायचा? काढल्या. 'कावासेमी'कडे परत जाणं बरं दिसत नाही. दोनतीन दिवस शांतपणे विचार करणार.

दुपारी १,३९१. दोन मिनिटांनी १,३८८. तेच तिघं! संशयितांची यादी केली. सध्या यादीत एकच नाव आहे.

१८ नोव्हेंबर, रविवार
अप्रिय प्रसंग. लिहून ठेवतो.

मी शांतपणे म्हणालो की आपल्यातच कुणीतरी ऑर्डरी काढतंय. नाव घेतलं नाही, फक्त त्सुकुदाकडे पाहिलं. त्यानं विचारलं, "अध्यक्षसाहेब, तुमच्या किती आहेत?" मी म्हणालो, तीन. नेहमीच तीन. हे खरंच आहे, त्या वेळी फक्त बदलीच्या वाटेवर होत्या. त्यानं कोट उचलला, बाईंना वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. चोराच्या मनात चांदणं.

ओरिहाराबाईंनी सांगितलं की त्सुकुदानं आजवर एक्केचाळीस आणल्यात. धुतलेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवतो म्हणे. मी म्हणालो, आकड्यांनी माणसाची निष्ठा मोजू नये. निशिवाकीबाईंनी कपाकडे हात नेला, तो बशीच्या बाजूला पडला. मग चाचपडत कप सापडला. मला तिथे बसवेना.

घरी आल्या आल्या 'कावासेमी'कडे तीन नोंदवल्या. कापडी चित्र तर कापडी चित्र. बस झालं.

२४ नोव्हेंबर, शनिवार
आकडा : १,८७१. रोज वेग कमी होतोय.

मित्सुएनं विचारलं, एक घेऊन भागत नाही का? तिन्हींची कामं समजावून सांगितली. तिनं विचारलं, यापूर्वीच्या सगळ्या बॉक्समधले पाहायचे म्हणून घेतलेले किती फोडले? मी म्हणालो, तो विषय वेगळा आहे.

माझ्याकडून आलेल्या ऑर्डरी : हामागुचीची एक. तो अजून विचार करतोय. पत्रकाचा अकरावा मसुदा मात्र फारच उतरलाय.

२८ नोव्हेंबर, बुधवार
१,९६२. ऑफिसात पान चाळीस वेळा उघडलं. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. म्हणालो, देशाच्या सांस्कृतिक वारशाचा प्रश्न आहे. त्यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी ९.०० — १,९८८. जेवण जाणार नाही. डबा तसाच.

१२.१० — काय लिहू! 'साझानामी' दुकानानं अगदी शेवटच्या दिवशी भेट जाहीर केली. होडीच्या रंगांचा मूळ तक्ता, जुन्या कागदासारख्या कागदावर छापलेला. फोटो मोठा करून पाहिला. कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, 'लाल : आणखी थोडा, भीत जाऊ नका.' ते अक्षर निशिवाकीबाईंचं आहे! मंडळाच्या हजेरीत दर रविवारी पाहतो, चुकणं शक्य नाही. फक्त तीनशे छापलेत. हा माझ्याकडे नसला तर मी अध्यक्ष कसला?

१२.२५ — 'कावासेमी'कडच्या काढल्या. 'साझानामी'कडे लगेच नोंदवतो.

१२.२६ — १,९९४ चे १,९९१ झाले. आजच्या दिवशी सुद्धा त्या तिघांना लाज नाही! डोळ्यांत पाणी आलं.

१२.३० — साहेबांची हाक. मोठी जलवाहिनी फुटली, तातडीची बैठक. शत्रूही असा मुहूर्त काढणार नाही.

३.३५ — सुटलो.

३.४१ — 'साझानामी'कडे तीन नोंदवल्या. 'तुमची ऑर्डर मिळाली' असं पत्र लगेच आलं. खाली बरंच काही बारीक लिहिलंय, पण आता वाचायला वेळ नाही. माझं कर्तव्य झालं.

४.१० — १,९९५.

४.३० — १,९९७. नातेवाइकांना फोन केले. चुलत भावानं विचारलं, कोण बोलतंय? हामागुची म्हणाला, जवळजवळ ठरलंय. त्सुकुदाला फोन करावासा वाटला. केला नाही.

४.४८ — १,९९७. मित्सुएचा फोन. तिनं हे पान कधी उघडलं कोण जाणे. "तीनच हवेत ना? तुम्हीच घ्या की आणखी तीन. गाद्या राहू देत खुर्च्यांवर." मी तिला नीट समजावलं. माझे तीन आधीच आत आहेत, सहा म्हणजे हाव झाली. शिवाय भेटीचे तक्ते संपलेत, नुसता बॉक्स घेऊन काय करायचं? एवढ्या मोठ्या देशात तीन माणसं पुढे येणार नाहीत?

४.५६ — १,९९७.

४.५९ — १,९९७.

५.०० — पान बंद झालं. १,९९७.

१ डिसेंबर, शनिवार
सकाळी वर्तमानपत्रासाठी पत्र लिहिलं. शीर्षक : 'त्या तिघांस अनावृत पत्र'. तुमच्यामुळे एका वृद्ध कलावंताला स्वतःचा रंग कधीही दिसणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मी असा लेखक आहे हे मलाच माहीत नव्हतं. मित्सुएला वाचून दाखवलं. ती ऐकत होती, पण बघत होती संगणकाकडे. तिला दवाखान्याचं काहीतरी शोधायचं होतं आणि माझं पत्रांचं पान उघडंच होतं.

मग ती म्हणाली, "अहो, ते तिघं सापडले."

'साझानामी'चं कालचं पत्र. 'तुमची ऑर्डर मिळाली' याच्या खाली ते बारीक अक्षर. आमच्याकडून कंपनीला शेवटची यादी आज (म्हणजे काल) दुपारी तीन वाजता गेली, त्यानंतर आलेल्या ऑर्डरी मोजल्या जाणार नाहीत, क्षमस्व.

मी म्हणालो, जलवाहिनी फुटली नसती तर. ती म्हणाली, हो ना. आणि कपड्यांच्या घड्या करायला बसली.

दिवसभर बाकी काही नाही.

२ डिसेंबर, रविवार
बैठक. जाऊ नये असं ठरवलं होतं, पण न जाणं संशयास्पद दिसलं असतं.

त्सुकुदा आला होता. माझ्यासमोर वाकून म्हणाला की त्या दिवशी तसं उठून जायला नको होतं, चुकलं माझं. सगळ्या मिळून चौसष्ट ऑर्डरी आणल्या म्हणे त्यानं. मी म्हणालो, झालं गेलं विसरून जाऊ. माझा आवाज नीट येत नव्हता, त्याला वाटलं सर्दी. त्यानं माझ्यासाठी गरम लिंबूपाणी मागवलं.

ओरिहाराबाईंनी विचारलं, नोंदवहीत त्या तिघांची नावं लिहायची होती, त्याचं काय करायचं. त्यांनी लाल पेनही आणलं होतं.

निशिवाकीबाई म्हणाल्या, "नका लिहू. रागावू नका त्यांच्यावर. काहीतरी अडचण आली असेल बिचाऱ्यांना." मग माझ्याकडे तोंड करून, म्हणजे मी बसलो होतो त्याच्या थोडं डावीकडे बघत म्हणाल्या, "अध्यक्ष, तुम्ही फार धडपडलात हो."

मी म्हणालो, नाही रागावणार.

मला हायसं वाटलं. याची लाज वाटते, पण वाटलं. स्टेशनपर्यंत वाटत होतं. तिथून पुढे नाही.

जेवताना मित्सुएनं विचारलं, सांगितलंत का?

म्हणालो, तसा विषयच निघाला नाही.