वाळुंजीला शिस्त

६ मार्च, राखेचा बुधवार
कपाळाला राख लावून आले. ईस्टरपर्यंत रागवायचं नाही, असा नवस. घरी येते तो नवरा, झेनोन, चिखलाच्या बुटांनी फरशीवर. रागावले नाही. बूट फक्त विहिरीत टाकले.

१९ मार्च
झावळ्यांच्या रविवारी (ताड कुठला, आमची झावळी वाळुंजीच्या फांद्यांचीच) जिची झावळी सर्वांत उंच नि कळ्यांनी भरलेली, ती मिरवणुकीत फादरांच्या मागे पहिली चालते. दरवर्षी जाऊबाई ब्रोनिस्लावा. यंदा मी! फाटकाजवळची शोभेची वाळुंज कळ्यांनी फुगली आहे, पण मेली छत्रीसारखी खाली लोंबते. बुडातून मात्र सरळसोट फोक आलेत, देवाकडे बघणारे. छत्री उडवायची. सगळं बळ फोकांना.

३० मार्च
कुऱ्हाड चालवली. हात छान बसला. झेनोन बोंबलत आला: अगं बये, छत्रीच तर कलमाची, खालचे फोक जंगली, नाल्याकाठी फुकट मिळतात! शांतपणे समजावलं. कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या पायावर पडला तो वजनामुळे. छत्रीची मोळी कुंपणापलीकडे भिरकावली. जाऊबाईंची कोंबडी मधे आली. गेली. उपवासात मांस चालत नाही, नाहीतर सांत्वनाला गेले असते.

८ एप्रिल
फोकांना नुसती पानं. कळी औषधालाही नाही. आई म्हणायची, झोडल्याशिवाय वाळुंज वळणावर येत नाही. झोडली. निम्मे फोक मोडले. उरलेले आता घाबरून फुलतील.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
चर्चच्या दारात ज्याच्या त्याच्या हातात माझ्यासारखाच नाल्याकाठचा फोक. जाऊबाईंची झावळी तेवढी उंच बांधलेली, रुपेरी कळ्यांनी डवरलेली. म्हणाल्या, जेनोवेफा, तुझ्याच फांद्या गं! बादलीत ठेवल्या नि फुलल्या. कोंबडीचं मनावर घेऊ नकोस हो.
त्या पहिल्या चालल्या. मिस्सा संपल्यावर एकमेकींना झावळीनं हलकेच मारायची रीत, त्याप्रमाणे त्यांना लावली. 'मी नाही मारत, वाळुंज मारते.' एकदा म्हणायचं असतं, पण भक्तीत भान राहत नाही. फादर मधे पडले, त्यांनाही प्रसाद मिळाला. जाऊबाईंच्या भुवईला टाके. वाळुंजीनं मारलं, मी काय करू?

२२ एप्रिल, ईस्टर सोमवार
नवस पुरा झाला. एकदाही रागावले नाही.
फाटकाजवळचं खोड वाळलं. जाऊबाईंनी बादलीत मुळं फुटलेली एक फांदी पाठवली. झेनोन लंगडत लावतोय. म्हणे, कलमाविना ही उभी राहायची नाही, जमिनीवरच लोळेल. लोळू दे. तिला वळण लावायला मी आहे.
कुऱ्हाड सापडत नव्हती. झेनोननं ती जाऊबाईंकडे ठेवायला दिली आहे. मागायला मीच जायचं, असं फादरांनी सांगितलंय.